निखळलेला दात आणि पेलाभर दूध



काही वर्षांपूर्वी जामनेरात विटीदांडू खेळताना उडालेली विटी एका मुलाच्या तोंडावर बसली आणि त्याचा पुढचा दात मुळासकट निखळून मातीत पडला. मी जवळच होतो. दात उचलून मी तो खसखसून पुसला, रुमालात बांधला आणि मुलास घेऊन जळगावची वाट धरली. दंतवैद्य म्हणाले, "गुरुजी, हा रुमालात नव्हे, दुधात आणावयास हवा होता." तो दात वाचला नाही. माझ्या अज्ञानाची किंमत त्या मुलाने दिली. म्हणून हा पाठ.

दुधाचे दात २० असतात. सुमारे ६ व्या वर्षापासून ते पडू लागतात व त्यांच्या जागी कायमचे येतात. दुधाचा दात निखळल्यास तो परत बसवू नये. हिरडीत वाढत असलेल्या नव्या दातास त्याने इजा होते. परंतु कायमचा दात एकदाच येतो. त्याच्या मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो. तो कोरडा पडल्यास सुमारे तासाभरात मरतो. साध्या पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. दुधात मात्र काही काळ तग धरतात.

तेव्हा असे करावे. मूल बेशुद्ध असेल किंवा ओकत असेल, तर दाताचा विचार मागे ठेवून प्रथम रुग्णालय गाठावे. तसे नसल्यास दात वरच्या पांढऱ्या भागास धरून उचलावा; मुळास बोट लावू नये. माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने १० सेकंद हलकेच धुवावा, घासू नये. साधल्यास तत्काळ खोबणीत बसवून मुलास स्वच्छ रुमाल हलकेच चावून धरावयास सांगावे. न साधल्यास पेलाभर थंड दुधात ठेवून दंतवैद्याकडे निघावे. दाताचा तुकडा पडला असल्यास तोही न्यावा, आणि धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे.

पालकांस एक विनंती. अशा वेळी मुलावर रागावू नये. माराच्या भीतीने मूल दुखापत लपविते आणि मोलाचा वेळ जातो. जळगाव गाठावयास सुमारे तास लागतो. तोच तास दाताच्या आयुष्याचा असतो. दयाळू शोमरोन्याने जखमीस उतारशाळेत नेण्यापूर्वी वाटेवरच त्याच्या जखमा बांधिल्या, हे आपण ध्यानी ठेवावे.