टीव्हीवरचं मैदान, घरातला निवेदक

जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळत असतो, तेव्हा भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीत घरी आवाजाचं रेकॉर्डिंग होत नाही. कन्सोलवर गेम खेळत, सोबत बोलत व्हिडिओ बनवू पाहणाऱ्या मुलाला पहिला धडा इथेच मिळतो. चित्र यंत्र टिपतं, आवाज मात्र स्वतः राखावा लागतो. पालकांना दिसतो तो हातातला कंट्रोलर आणि राहिलेला अभ्यास. मुलाच्या बोलण्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, आणि खरं कौशल्य तर तिथेच असतं.

कोल्हापूर जिल्ह्याला हे नव्यानं सांगायला नको. कुस्तीच्या मैदानात शंकर पुजारी यांच्यासारखा निवेदक माईकवर असला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव कळतो. बाळ ज. पंडित यांनी रेडिओवरून क्रिकेट मराठी घरांत पोहोचवलं. गेमचा व्हिडिओ करणाऱ्याचं काम याच जातीचं आहे. पुढं काय होणार याची उत्सुकता वाढवायची, चूक झाली तर ती का झाली हे सांगायचं आणि नेमकं कुठं गप्प बसायचं तेही ओळखायचं.

यातून नाव झालेली माणसं आहेत. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ज्या ७ गेमर्सशी गप्पा मारल्या, त्यांत ‘मिथपॅट’ या नावानं ओळखला जाणारा मुंबईचा मिथिलेश पाटणकर होता आणि छिंदवाडा जिल्ह्यातल्या उमरानाला गावची पायल धारेही होती. लहान गावातून हे जमतं, याचा हा पुरावा. पण सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला तिथवर पोहोचता येत नाही, हेही मुलांनी मनाशी धरावं.

सुरुवातीला खर्च नकोच. घरात कन्सोल असेल तर रेकॉर्डिंगची सोय त्यातच असते. प्लेस्टेशन ४ मध्ये शेअरचं बटण वापरून झालेल्या खेळाची शेवटची १५ मिनिटं साठवता येतात, सेटिंग बदलल्यास ६० मिनिटांपर्यंत. जास्त लांबीचं काम करायचं तर एचडीएमआय केबलनं कन्सोल कॅप्चर कार्डला आणि ते कॉम्प्युटरला जोडायचं. प्लेस्टेशनचं एचडीसीपी हे संरक्षण आधी बंद करावं लागतं, नाहीतर पडदा काळाच राहतो. ओबीएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात गेमचा आवाज एका ट्रॅकवर आणि स्वतःचा दुसऱ्यावर घ्यावा, म्हणजे एडिटिंगच्या वेळी एकाखाली दुसरा दबत नाही. फाईल एमकेव्ही प्रकारात साठवावी. मध्येच वीज गेली तर एमपी४ फाईल बऱ्याचदा उघडतच नाही, एमकेव्हीत तोवरचं काम वाचतं. भुदरगडच्या पावसाळ्यात ही एक सेटिंग लाखमोलाची. पंखा बंद, स्वयंपाकघरातला मिक्सर बंद, माईक तोंडापासून वीतभर आणि भिंतीला जाड गोधडी, एवढ्यावरही आवाज कितीतरी सुधारतो.

पैशाचं गणित पालकांनी नीट समजून घ्यावं. यूट्यूबच्या जाहिरातींतला वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. मूल १८ वर्षांखालचं असेल तर पैशाचं खातं मोठ्या माणसाच्या नावानंच चालतं. चालत्या गेमवरही विसंबता येत नाही. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये. एकाच गेमवर चॅनेल उभं करणाऱ्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. पैसे लावून खेळायच्या गेमची जाहिरात तर कितीही पैसे मिळोत, करू नये. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं ती गुन्हा ठरवली आहे.

म्हणून शिक्षण सोडून चॅनेल हा पर्याय धरूच नये. गारगोटीतच मौनी विद्यापीठाचं तंत्रनिकेतन आहे. पदविका किंवा पदवी सुरू ठेवून सुट्टीच्या दिवशी एक व्हिडिओ, एवढा वेग पुरेसा आहे. त्यातून हाती येणारं एडिटिंग, ध्वनिमुद्रण आणि निवेदन चॅनेल चाललं नाही तरी उपयोगी पडतं. ध्वनीची गोडी लागलेल्याला पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेची प्रवेश परीक्षा देता येते.

कन्सोल नसेल तर पन्नास हजारांच्या आसपास खर्च करून लगेच आणू नये. मोबाईलवरच्या एखाद्या गेमची १० मिनिटं मराठीत बोलून रेकॉर्ड करावीत, अशी दहा रेकॉर्डिंग व्हावीत. मग आई-वडिलांनी मुलाशेजारी बसून पहिलं आणि दहावं पूर्ण ऐकावं, आणि खरेदीचं त्यानंतरच ठरवावं.