सूर्यकन्येच्या काठी सूर्याची चित्रे

छायाचित्र म्हटले की कॅमेरा हवाच, अशी आपली समजूत असते. परंतु हळद, कागद, पान आणि ऊन एवढ्या साहित्यावरही चित्र उमटते. पुराणांनी तापीला सूर्यकन्या मानले आहे. तिच्या काठच्या आमच्या सुरतेत उन्हाला तोटा नाही. म्हणून गतवर्षी उन्हाळ्यात आम्ही हा प्रयोग आरंभिला.

या विद्येचा पाया इंग्लंडमधील शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी घातला. १८४२ मध्ये त्यांनी फुलापानांच्या रसांवरील प्रकाशाचे परिणाम प्रसिद्ध केले आणि लोहक्षारांपासून निळी चित्रे काढण्याची रीतही शोधली. अॅना अॅटकिन्स या विदुषीने १८४३ पासून त्या निळ्या रीतीने समुद्रशैवालांच्या चित्रांचा ग्रंथ भागाभागाने सिद्ध केला.

आमची कृती सोपी होती. हळदीची पूड स्पिरिटमध्ये कालवून गाळून घेतली व तो अर्क सावलीत जाड कागदावर ब्रशने फिरवला. (स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून हे काम विस्तवापासून दूर व शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.) कागद वाळल्यावर त्यावर शाळेच्या आवारातील चिंचेची दाबून वाळवलेली डहाळी ठेवली, वर काच दाबून बसवली आणि सर्व उन्हात मांडले. काही तासांत उघडा भाग फिका पडला. डहाळीखालचा मात्र पिवळाच राहिला. हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य प्रकाशाने विघटित होते. हळदीचा डाग पडलेले वस्त्र धुऊन उन्हात घालावे, हे आपल्या आया जाणतात, त्याचे कारण हेच. शेवटी टाकणखाराच्या पाण्याचा हात फिरवताच पिवळी पाने तांबूस झाली. हळदीपासून कुंकू होते तेही क्षाराच्या अशाच संयोगाने.

चित्र आम्ही मोठ्या अभिमानाने वर्गात खिडकीसमोर लावले. पावसाळ्यात वादळाने ती चिंच उन्मळून पडली. तिची आठवण म्हणून आम्ही चित्राकडे वळलो, तो कागद जवळजवळ कोरा! ज्या प्रकाशाने चित्र घडविले, त्यानेच ते पुसून टाकले होते. हळदीचे चित्र पक्के करण्याचा उपाय आम्हांपाशी नव्हता. ते अंधारात, वहीच्या पानांतच जपावयास हवे होते.

निळ्या रीतीचे महत्त्व आम्हांला तेव्हा कळले. तीत फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण कागदाला लावतात. ऊन लागते तेथे पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होतो; झाकलेल्या भागातील क्षार पाण्याने धुऊन जातात आणि निळ्या भूमीवर पांढरे पान उरते. प्रकाशाने निळे होणारे क्षार मागे राहत नाहीत, म्हणून ते चित्र टिकते.

यंदा आवारातील कडुनिंब, पिंपळ, शेवगा आणि आंबा यांच्या पानांची निळी चित्रे आम्ही शिक्षकांसमवेत काढीत आहोत. चिंचेचे पान त्या संग्रहात नाही. तिच्यासाठी पहिले पृष्ठ आम्ही कोरे ठेवले आहे.