गुडघ्याचे सांधेरोपण आणि ठरलेला उपचारक्रम

वय साठीकडे झुकले की आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींची एक तक्रार हमखास ऐकू येते : "गुडघे उठू देत नाहीत." आयुष्यभर केलेले कष्ट, वाहिलेली ओझी आणि वाढलेले वजन यांचा भार शेवटी गुडघ्यावरच येतो. सांध्यातील कूर्चा झिजते व हाडावर हाड घासू लागते. औषधे आणि व्यायाम यांनीही वेदना आटोक्यात येत नाहीत, तेव्हा डॉक्टर सांधेरोपण सुचवितात.

अशा वेळी घरात डॉक्टर कोण व खर्च किती याचीच चर्चा होते. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काय करावयाचे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. आमच्या परिचयातील एका मावशींची शस्त्रक्रिया उत्तम झाली. घरी आल्यावर मुलांनी प्रेमापोटी त्यांच्या गुडघ्याखाली उशी ठेवली व महिनाभर त्यांना उठू दिले नाही. पाय वाकलेल्या स्थितीतच आखडला. रुग्णालयातून निघताना लेखी सूचना कोणी दिल्या नव्हत्या, आणि घरच्यांनी मागितल्याही नव्हत्या. म्हणून हा विषय आपण समजून घेऊ.

उपचारक्रम म्हणजे काय?

एका प्रकारच्या रुग्णांसाठी कोणत्या दिवशी, कोणी, काय करावयाचे याचे लेखी वेळापत्रक म्हणजे उपचारक्रम. यालाच 'क्लिनिकल पाथवे' म्हणतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील बोस्टन येथील न्यू इंग्लंड मेडिकल सेंटरमध्ये परिचारिकांच्या पुढाकाराने ही पद्धत रुजली. पुढे १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी शस्त्रक्रियेनंतरची दीर्घ विश्रांती, नळ्या, उपवास यांची खरोखर गरज आहे का, हे तपासून पाहिले. त्या देशात २००० साली सांधेरोपणाच्या रुग्णाचा मुक्काम सुमारे १० दिवसांचा होता. २००९ पर्यंत तो ४ दिवसांवर आला.

उपचारक्रमाचे टप्पे

१) शस्त्रक्रियेपूर्वी : रक्तातील हिमोग्लोबिन, साखर व रक्तदाब तपासून आटोक्यात आणतात. दात, त्वचा किंवा लघवीचा जंतुसंसर्ग आधी बरा करतात. तंबाखू व विडी-सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद करावी. वॉकरने चालणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आधीच शिकून घ्यावेत.

२) शस्त्रक्रियेच्या दिवशी : घन आहार सहा तास आधी बंद होतो; साधे पाणी मात्र बहुतेक रुग्णांना दोन तास आधीपर्यंत चालते. चीर घेण्यापूर्वी तासाभराच्या आत प्रतिजैविक दिले जाते. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून ट्रॅनेक्सामिक अॅसिड देतात. वेदनेसाठी एकाच तीव्र औषधावर न विसंबता दोन-तीन प्रकारची औषधे मिळून वापरतात.

३) चालणे : प्रकृती ठीक असेल तर त्याच दिवशी किंवा २४ तासांच्या आत रुग्णाला आधार देऊन उभे करतात. यामुळे पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

४) घरी सोडणे : गोळ्यांनी वेदना आटोक्यात आहेत का, रुग्ण वॉकर घेऊन शौचालयापर्यंत जातो का, हे पाहून सुटी देतात. नुसते दिवस मोजून सुटी देणे म्हणजे उपचारक्रम नव्हे.

५) घरी : पाय पूर्ण सरळ करणे व हळूहळू वाकविणे हे व्यायाम रोज करावेत. गुडघ्याखाली उशी ठेवू नये. उंच कमोड किंवा कमोडची खुर्ची आधीच आणावी. पोटरी सुजणे व दुखणे, ताप, जखमेतून स्राव यांपैकी काही दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. दम लागला किंवा छातीत दुखू लागले तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

लेखी क्रमाचा खरा लाभ

रुग्ण ओळखीचा असो वा अनोळखी, शिकलेला असो वा निरक्षर, लेखी क्रम असला की कोणाच्याही बाबतीत आवश्यक पायरी सुटत नाही. सेवेतील समता ती हीच, असे आम्ही मानतो. मात्र सर्व रुग्ण सारखे नसतात. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास क्रमात बदल करावाच लागतो. तो का केला हे लिहून ठेवावयाचे असते. अशा नोंदींवरूनच पुढे उपचारक्रम सुधारत जातो.

२०१७ मध्ये केंद्र शासनाच्या औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, त्यामुळे हा उपचार काही अंशी आवाक्यात आला. परंतु कृत्रिम सांधा बसविला म्हणजे काम संपले असे नाही. बहुतेक सांधे वीस वर्षांहून अधिक टिकतात; इतकी वर्षे तो पाय नीट चालावा, याची पायाभरणी पहिल्या सहा आठवड्यांत होते.

विद्यार्थी मित्रांनो, एक काम आपण करू शकतो. घरात किंवा शेजारी अशी शस्त्रक्रिया ठरली, तर रुग्णालयातून लेखी सूचना मागून घ्या, त्या मोठ्याने वाचून दाखवा आणि भिंतीवर लावा. आजीला रोज चार पावले चालविणे हाही अभ्यासाचाच एक भाग आहे.