सहा वर्षांची दाढ आणि रूट कॅनाल

वसतिगृहातील मुलाचा दात दुखू लागला तर तो सहसा सांगत नाही. दात उपटतील ही धास्ती त्याच्या मनात असते. पालकांना कळविले की उत्तर येते, "काढून टाका सर, पडायचाच दात तो." या उत्तरामागे एक तर दारिद्र्य असते: बुडणारी मजुरी, तालुक्याच्या गावी माराव्या लागणाऱ्या खेपा. त्यावर आमच्यापाशी उपाय थोडा आहे. परंतु दुसरे कारण माहितीचा अभाव हे आहे, आणि त्याविषयी लिहिणे हे आम्हां शिक्षकांचे कामच होय.

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, एक दाढ उगवते. जुने काही पडलेले नसल्याने घरी ती दुधाचीच समजली जाते. वस्तुतः ती कायमची असते. गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही. ती तोंडात लवकर येते आणि तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, म्हणून कीडही तिलाच लवकर गाठते.

दाताचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली दंतिन, आणि गाभ्यात दंतमज्जा, म्हणजे रक्तवाहिन्या, मज्जातंतू व मृदू पेशी. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. ते कवच झिजवीत जंतू मज्जेपर्यंत पोहोचतात. मज्जा सुजते, पण कठीण भिंतींच्या आत सुजेला जागा कोठली? म्हणून आडवे होताच ठणका वाढतो. पुढे मज्जा मरते आणि ठणका एकाएकी थांबतो. घरची मंडळी लवंगेच्या तेलाला, कोठे मिश्रीला, श्रेय देतात. प्रत्यक्षात जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. नुसत्या गोळ्यांनी हे मिटत नाही. मृत मज्जेत रक्तच फिरत नसल्याने औषध तेथवर जातच नाही.

दातात किडा असतो ही समजूत बाबिलोनच्या मृत्तिकापट्टांइतकी जुनी आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत आणि उष्णतेने फुटलेल्या बियांतील अंकुर किडे म्हणून दाखवीत. आपल्याकडे काटेरिंगणीच्या बियांची धुरी अनेकांनी पाहिली असेल. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात किड्याची ही कल्पना नाकारली. १८३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाची स्प्रिंग घासून मुळाची नलिका साफ करण्याचे बारीक हत्यार केले. खरा निर्णायक पुरावा मात्र १९६५ चा. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांची मज्जा उघडी केली तरी ती बरी झाली; साध्या उंदरांची मेली. दोष जंतूंचा, हे त्याने सिद्ध झाले.

उपचाराची रीत यावरूनच उलगडते. इंजेक्शनने जागा बधिर करतात, लाळ आत जाऊ नये म्हणून दाताभोवती रबराचा पडदा लावतात. माथ्यातून छिद्र पाडून मज्जा काढतात. एक्स-रेने नलिकेची लांबी ठरवून बारीक फायलींनी ती घासतात व जंतुनाशक द्रावणाने पुनःपुन्हा धुतात. खालच्या दाढेत बहुधा तीन नलिका, वरच्या दाढेत पुष्कळदा चार. एखादी राहून गेली तर दुखणे परतते. शेवटी गट्टापर्चा भरून नलिका बंद करतात. हा मलायाकडील एका झाडाचा चीक. १८७० साली मुंबईला इंग्लंडशी जोडणाऱ्या समुद्री तारेवरही त्याचेच आवरण होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यास सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

पुष्कळ जण येथवर येऊन थांबतात. दुखणे गेले, आता कॅपचा खर्च कशाला? परंतु पोखरलेली दाढ भाकरी चावताना उभी चिरते आणि मग ती काढावीच लागते. कॅप हा उपचाराचाच भाग समजावा.

नऊ-दहा वर्षांखालील मुलात या दाढेची मुळे पुरती बंद झालेली नसतात. तेथे मज्जेचा निरोगी भाग जिवंत ठेवून मूळ वाढू देण्याचा प्रयत्न करतात. म्हणून लवकर दाखविण्याला मोल आहे. गारेगार खाल्ल्यावर कळ बराच वेळ टिकणे, रात्री जाग येणे, हिरडीवर पुळी येणे, या खुणा दिसताच मुलाला न्यावे. गालाची सूज जबड्याखाली उतरली, ताप आला, गिळणे किंवा तोंड उघडणे कठीण झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यात जिवाला धोका असतो.

खाजगी दवाखान्यातील खर्च पेलत नसेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे रांग असते, खेपाही होतात. सुट्टीत मूल घरी येईल तेव्हाच त्या कराव्यात, आणि परत धाडताना पुढची तारीख लिहिलेला कागद त्याच्याबरोबर वसतिगृहात द्यावा.