व्हिसाच्या अर्जातील ‘इतर नावे’

अमेरिकेच्या प्रवासी व्हिसासाठी भराव्या लागणाऱ्या डीएस-१६० या अर्जात सुरुवातीलाच विचारले जाते, की अर्जदाराने याआधी कधी दुसरे नाव वापरले आहे का. माहेरचे, धार्मिक, व्यावसायिक किंवा उर्फ म्हणून लावलेले नाव, सगळे त्यात येते. कॅनडा आणि ब्रिटनच्या अर्जांतही हा प्रश्न असतो. दुसरे नाव लावणे हे भामट्यांचे काम, अशा समजुतीने सरळमार्गी माणूस ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. घोळ तिथेच सुरू होतो.

महाराष्ट्रात लग्नानंतर अनेक स्त्रियांचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे येते आणि काही घरांत ताटातल्या तांदळात लिहून पहिले नावही नवे ठेवले जाते. अशा बाईचा शाळा सोडल्याचा दाखला आणि तिचा पासपोर्ट शेजारी ठेवले, तर दोन्हींत एकही शब्द जुळत नाही. दत्तक गेलेले, राजपत्रात आडनाव बदललेले पुरुषही याच गटात मोडतात. ‘चौधरी’सारखे आडनाव रोमन लिपीत तर प्रत्येक कार्यालय आपापल्या मर्जीने लिहिते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे, वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे; भावंडांच्या कागदांतही आता फरक दिसेल.

परदेशी अधिकाऱ्याला नावांच्या संख्येचे वावडे नसते. गुन्ह्यांची आणि हद्दपारीची जुनी दफ्तरे नावानिशी तपासायची असतात, म्हणून त्याला सगळी नावे हवी असतात. अमेरिकी नागरिकत्व देण्यापूर्वी एफबीआयकडून अशी पडताळणी होते. नाव लपवले तरी बोटांचे ठसे बदलत नाहीत. हद्दपारीचा आदेश निघालेल्या किमान ८५८ जणांना दुसऱ्या नावाने नागरिकत्व मिळाल्याचे अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१६ मध्ये उघड केले. त्यांचे जुने ठसे संगणकात चढवलेच नव्हते, म्हणून ते आधी सापडले नाहीत. अशाच एका भारतीयाने १९९२ मध्ये हद्दपारीचा आदेश निघाल्यावर वेगळ्या नावाने आश्रय मागितला होता. २००६ मध्ये मिळालेले त्याचे नागरिकत्व न्यायालयाने २०१८ मध्ये काढून घेतले.

माहेरचे नाव लिहायचे राहिले म्हणून कोणी हद्दपार होत नाही. खुलासा मागितला जातो, काम लांबते. जाणूनबुजून लपवले आणि त्याने निर्णयावर परिणाम होणार होता, असे ठरले तर मात्र अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. सवलत मिळाली तरच ते उघडते. खोटी माहिती दिल्याबद्दल कॅनडा ५ वर्षांची बंदी घालतो, ब्रिटन १० वर्षांपर्यंत.

म्हणून अर्जाला हात घालण्याआधी जन्मदाखल्यापासून पॅनकार्डापर्यंतचे सगळे कागद समोर मांडावेत आणि त्यांवर आलेले प्रत्येक वेगळे नाव, वेगळे स्पेलिंगसुद्धा, टिपून घ्यावे. लाडाचे नाव घरापुरते असेल तर एरवी त्याची दखल कोणी घेत नाही; पण जिथे टोपणनावेही विचारलेली असतात, उदाहरणार्थ ग्रीन कार्डाच्या आय-४८५ अर्जात, तिथे ते लिहावे. घटस्फोटानंतर सोडलेले आडनावही लिहावेच. बदलाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडावी. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र पूरक म्हणून चालते, पण मूळ दाखला हाताशी असताना नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये. अर्ज एजंटाने भरला तरी सही अर्जदाराची असते आणि जबाबदारीही त्याचीच. आधीच्या व्हिसाच्या वेळी एखादे नाव गाळले गेले असेल, तर नव्या अर्जात ते लिहून सोबत कारण द्यावे. अर्ज गेल्यावर चूक ध्यानात आली, तर अधिकाऱ्याने विचारण्याआधी आपणहून सांगावी. अमेरिकी नागरिकत्वाच्या मुलाखतीत अशा दुरुस्त्या अर्जावरच करून घेतात. जुने प्रकरण, अटक किंवा हद्दपारीचा आदेश वेगळ्या नावावर असेल, तर अर्ज भरण्यापूर्वीच इमिग्रेशनच्या वकिलाला गाठावे.