निवडुंगाची पारख

रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीत बहुधा झाडाच्या नावाची एक चिठ्ठी खोचलेली असते. पहिल्या पावसात तिच्यावरील शाई पुसली जाते आणि पुढे ती चिठ्ठीही नाहीशी होते. गुलाबाचे किंवा मोगऱ्याचे यात काही बिघडत नाही. पाहताक्षणीच त्यांची ओळख पटते. निवडुंगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. खोड मांसल आणि अंगावर काटे दिसले, की लोक त्या झाडाला निवडुंग म्हणून मोकळे होतात. परंतु या एका नावाखाली अगदी निरनिराळ्या कुळांतील झाडे वावरत असतात, आणि एकाला मानवणारी निगा दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

एखाद्या घराच्या ओसरीवर अशा बिननावाच्या तीन कुंड्या आहेत असे समजा. पहिलीत तीन धारांचे उंच, हिरवे खोड आहे. दुसरीत पंजाएवढे जाड, चपटे फड एकावर एक उगवले आहेत. तिसरीत पानांसारख्या लांबट, मऊ पट्ट्या असून त्यांवर एकही काटा नाही. घरातील माणसे पहिल्या दोहोंना निवडुंग म्हणतात व तिसरीला ब्रह्मकमळ. मौज अशी, की शास्त्रज्ञ ज्याला कॅक्टस कुळ म्हणतात त्यातील झाडे दुसऱ्या व तिसऱ्या कुंडीत आहेत! पहिल्या कुंडीतील त्रिधारी निवडुंग हा एरंडाच्या कुळातला. कुंपणाला लावतात तो शेर त्याचा जवळचा भाऊबंद होय.

हे ओळखावे कसे? त्यासाठी काट्याच्या टोकाकडे न पाहता त्याच्या बुडाकडे पाहावे. कॅक्टस कुळातील झाडांच्या खोडावर जागोजागी लवदार, उशीसारख्या बारीक गाद्या असतात आणि काटे त्या गादीतूनच झुबक्याने निघतात. ब्रह्मकमळाला काटे नसले, तरी पट्टीच्या कडेवरील प्रत्येक खाचेत अशी इवलीशी गादी असते. कळीही तेथूनच बाहेर पडते. त्रिधारी निवडुंगाला गादी नसते. त्याचे आखूड काटे दोन-दोनांच्या जोडीने थेट धारेवर उगवतात.

दुसरी खूण चिकाची. त्रिधारी निवडुंग किंवा शेर किंचित दुखावला, तरी त्यातून पांढरा चीक वाहू लागतो. तथापि केवळ या खुणेवर विसंबू नये, कारण खऱ्या कॅक्टसांतही मॅमिलेरियाच्या काही जातींना दुधासारखा चीक असतो. शिवाय ती पाहण्याच्या नादात झाड मोडणे धोक्याचे आहे. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास भयंकर आग होते व दृष्टीलाही अपाय होऊ शकतो. असे झालेच, तर डोळा पुष्कळ वेळ स्वच्छ पाण्याने धुवावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. गादी पाहण्यास काहीच मोडावे लागत नाही, हा तिचा मोठा गुण.

एका कुळातील झाडांतही पारख चुकली, की काय होते याचे एक विलक्षण उदाहरण इतिहासात आहे. मेक्सिकोतील फड्या निवडुंगावर एक किडा पोसला जातो व त्याच्यापासून सुंदर किरमिजी रंग मिळतो. हा व्यापार स्पेनच्या हाती होता. तो रंग भारतात तयार करावा म्हणून 1795 साली ब्राझीलमधून तसा किडा आणण्यात आला. पण तो दुसऱ्याच जातीचा निघाला! त्याने रंग फारसा दिला नाहीच, उलट फड्या निवडुंगाची एक जात मात्र ठिकठिकाणी फस्त केली. तिच्या शेजारीच वाढणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वाटेला तो गेला नाही. माणसे फसली, किड्याची पारख मात्र अचूक ठरली. ती दुसरी जात दक्षिण भारतात शेते व कुरणे व्यापू लागली, तेव्हा तिच्यासाठी 1926 साली त्या वर्गातला आणखी एक किडा मुद्दाम आणावा लागला.

ओळख पटली, की निगा राखणे सोपे जाते. फड्या निवडुंग व त्रिधारी निवडुंग हे एकमेकांचे कोणी नसले, तरी दोघेही कोरड्या मुलखातले. पाणी साठविण्यासाठीच त्यांची खोडे मांसल झाली आहेत. त्यांना भरपूर वाळू मिसळलेली माती आणि बुडाशी भोक असलेली कुंडी द्यावी. काडी खोल खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली, तरच पाणी घालावे. महाराष्ट्रात ही झाडे उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यातच अधिक मरतात, म्हणून त्यांची कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नये. फड्या निवडुंग खालून मऊ व तपकिरी पडू लागला, तर वरचा निरोगी फड कापून आठवडाभर सावलीत सुकवावा व मग वाळूत रोवावा. त्याला नवी मुळे फुटतात. फड हाताळताना वर्तमानपत्राची जाड घडी वापरावी. त्याच्या मोठ्या काट्यांपेक्षा गादीतील केसांसारखी बारीक कुसेच अधिक छळतात.

हीच शिस्त ब्रह्मकमळाला लावली, तर ते सुकून जाईल. ते मेक्सिको व मध्य अमेरिकेतील रानांत झाडांच्या खांद्यांवर, सावलीत वाढते. भर दुपारच्या उन्हात त्याच्या पट्ट्या पिवळ्या पडतात. त्याला पालापाचोळ्याचे खत, सकाळचे कोवळे ऊन आणि थोडे अधिक पाणी हवे. हिमालयात उमलणारे खरे ब्रह्मकमळ ते हे नव्हेच. ते सूर्यफुलाच्या कुळातले आहे.

नवी चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, म्हणजे पावसात अक्षर फुटत नाही. नाव नक्की ठाऊक नसेल, तर अंदाजाने लिहू नये. त्याऐवजी झाड केव्हा आणले, गाद्या कशा आहेत, चीक आढळला काय, एवढे टिपावे. फूल आल्यावर त्याचा रंग व महिना त्याच चिठ्ठीवर नोंदवावा. जाणकार माणसाला जात सांगण्यास त्याचा फार उपयोग होतो. तिसऱ्या कुंडीसाठी मात्र घरातील कोणाला तरी जागावे लागेल. तिचे पांढरेशुभ्र फूल रात्री उमलते आणि उजाडेपर्यंत मान टाकते.