शाळेसाठी गावची बातमी

बातमी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पारावर बसलेला माणूस येणाऱ्याला आधी विचारतो, "काय नवीन?" त्याला जे उत्तर मिळते ती बातमी. पण पारावरची बातमी तोंडातोंडी जाते आणि जाता जाता वाढते. सकाळी एक म्हैस आजारी असते. दिवस मावळेस्तोवर गोठाच्या गोठा मेलेला असतो! कागदावर लिहिलेली बातमी अशी फुगत नाही. म्हणून ज्यांना लिहिता येऊ लागले त्यांनी बातमी लिहून पाहावी, असे आम्हांला वाटते.

लिहायची कुणासाठी? आपल्याच गावच्या शाळेसाठी. शाळेत सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना होते, सुविचार होतो, दिनविशेष सांगतात. मग एक मूल बातम्या वाचते. त्या बहुधा वर्तमानपत्रातून उतरवलेल्या असतात. त्यांत दिल्ली असते, मुंबई असते. आपले गाव, शेजारचा तांडा क्वचितच असतो. आपण गावची बातमी लिहून, मोबाईलवर बोलून गुरुजींकडे दिली, तर ती परिपाठात भोंग्यावर लावता येते. दोन-तीन मिनिटांचे काम आहे. आजीचा आवाज भोंग्यातून आला की मुले कान टवकारून ऐकतात, हे निराळेच.

गावच्या माणसाने रेडिओशी बोलावे, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत रेडिओ ऐकणाऱ्यांची मंडळे काढली होती. लोक एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून कळवत. त्या प्रश्नांना रेडिओवरून उत्तरे मिळत. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपली गावे त्यात नव्हती. आता नांदेडलाच आकाशवाणीचे केंद्र आहे. त्यावरच्या बातम्या एकदा नीट लक्ष देऊन ऐका. वाक्ये किती लहान असतात, ते बघा.

वाक्य लहान काहून ठेवायचे? कागदावरचे कळले नाही तर माणूस मागे जाऊन पुन्हा वाचतो. कानाला मागे जाता येत नाही. सुटले ते सुटले. म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. कोण, काय, कुठे, कधी हे आधी. का आणि कसे, ते मागून.

आकड्यांचे तर फारच जपावे. एक उदाहरण घेऊ. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी नव्हते. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणले. पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे पोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मोठ्या माणसाला एवढे पुरे. पण तिसरीतल्या पोराला पाच लाख म्हणजे काय कळणार? त्याला घागर कळते. वीस लिटरची एक घागर धरली, तर एका वाघिणीत अडीच हजार घागरी. दहा वाघिणींत पंचवीस हजार. मग बातमी अशी लिहावी : "लातूरला आज आगगाडीने पाणी आले. गाडी मिरजेहून आली. गाडीला दहा टाक्या होत्या. त्यांतून पंचवीस हजार घागरी भरतील, एवढे पाणी आले." हे ऐकल्यावर मूल घरी जाऊन रांजणाकडे निराळ्या नजरेने बघेल.

आता अवघड भाग. वाईट बातमी मुलांना सांगावी का?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्याकडे कोण विसरेल? गणपती बोळवून लोक झोपले होते. चार वाजायला चार-पाच मिनिटे होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमिनीला मिळाली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ते झोपलेल्या माणसांवर आले. किती माणसे गेली? कुठे आठ हजारांच्या आसपास, कुठे दहा हजारांच्या जवळ, असे आकडे छापलेले आढळतात. अशा वेळी आपल्या मनाने एक आकडा धरू नये. "हजारो माणसे गेली" एवढे खरे आहे. तेवढे लिहावे.

त्या पहाटेची गोष्ट लेकरे घरोघरी आजी-आजोबांकडून ऐकतात. म्हणून जमीन जराशी हलली तरी ती घाबरतात. २०२४ सालीच पाहा. २१ मार्चला पहाटे आणि पुन्हा १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला. नांदेडलाही भांडी वाजली. अशा दिवशी मोबाईलवर हमखास निरोप फिरतात : "आज रात्री मोठा धक्का येणार, घरात झोपू नका." हा निरोप कुणी पाठवला, कुणाला ठाऊक नसते. लोक मात्र लेकरेबाळे घेऊन रात्र अंगणात काढतात. पावसाळ्यात अंगणात विंचूकाट्याचे भय काय कमी असते? भूकंप अमक्या वेळी येईल, हे जगातल्या कोणत्याही शास्त्रज्ञाला आज सांगता येत नाही. तेव्हा जो वेळ सांगतो त्याचे ऐकू नये.

अशा सकाळी शाळेसाठी बातमी लिहायची, तर आम्ही अशी लिहू :

"आज बुधवार, १० जुलै २०२४. आज सकाळी सव्वासातच्या सुमारास जमीन हलली. हा भूकंप होता. तो हिंगोली जिल्ह्यात झाला. त्याचे मोजमाप साडेचार होते. किल्लारीचा भूकंप सहाच्या वर होता, म्हणजे याच्याहून शेकडो पटींनी जोराचा. पुढचा धक्का कधी येईल, हे कुणालाच सांगता येत नाही. शाळेत असताना जमीन हलली तर बाकाखाली जा. डोके हातांनी झाका. हलणे थांबले की गुरुजींबरोबर मैदानात या. भिंतीजवळ उभे राहू नका."

यात लपवलेले काही नाही आणि भिववलेलेही नाही. शिवाय मुलाने काय करायचे, ते शेवटी आले आहे. शेवटचे जास्त लक्षात राहते.

एक बातमी मात्र आम्ही शाळेत लावणार नाही. नापिकीने, कर्जापायी कुणी आपला जीव दिला, तर ती बातमी तालुक्याला जाईल, पेपरात येईल. जावी, यावी. पण त्या घरचे लेकरू त्याच परिपाठाच्या रांगेत उभे असते. त्याच्या कानावर भोंग्यातून बापाचे नाव पडू नये. कुणी म्हणेल, खरे ते सांगायला काय हरकत? आमचे म्हणणे एवढेच, की ते सांगायची जागा ही नव्हे.

लिहून झाले की मोठ्याने दोनदा वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. जिथे जीभ अडखळते तो शब्द बदला. "वृष्टी" नको, "पाऊस" म्हणा. बोली आपलीच ठेवा, त्यात लाज कसली? फक्त नावे आणि आकडे सावकाश बोला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत सारखेच ऐकू येतात. असा आकडा दोनदा सांगावा.

बोलायला जागा शांत हवी. गिरणी चालू असेल तर थांबा. पंखा बंद करा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. जिथे गोधड्या, कपडे ठेवलेले असतात तिथे घुमत नाही. मोबाईल तोंडापासून वीतभर दूर आणि थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर प, फ, भ म्हणताना श्वासाचा फटका बसतो. मधेच फोन येऊ नये म्हणून विमानाचे चित्र असलेले बटण आधी दाबा. ओळीखाली बोट धरून वाचले तरी चालते. ते कुणाला ऐकू येत नाही. कागदाची सळसळ मात्र येते, म्हणून कागद हातात न धरता पाटावर ठेवा. बातमीच्या आरंभी तारीख आणि शेवटी आपले नाव सांगा. ज्याने बातमी दिली त्याला विचारून मगच त्याचे नाव घ्या.

आता हे करून पाहा. गावात एकजण सांगतो : "अवं, काल लै पाणी पडलं, वढ्याला पूर आलता, पूल गेला म्हनं, अन् पलीकडची पोरं काय आज शाळेत येत न्हाईत." यातले त्याने डोळ्यांनी पाहिलेले किती आणि "म्हनं" मधले किती, ते आधी निवडा. पूल खरेच गेला का, की नुसते पाणी पुलावरून चालले होते? ते ओढ्यावर जाऊन पाहून या, किंवा पाहून आलेल्या माणसाला विचारा. मग शाळेसाठी पाच वाक्यांची बातमी लिहा. ओढ्यापलीकडच्या मुलांनी आज काय करावे, ते शेवटच्या वाक्यात सांगा.